कागदावरच्या चाळीस गायी

मुलांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. डांबरी रस्त्याच्या मधोमध केसाळ खांद्यांचे अवाढव्य बायसन, तिकडचे गवे, उभे आहेत आणि त्यांच्या मागे मोटारी थांबून राहिल्या आहेत. धाकटीने मागच्या बाजूला लिहिलं आहे, "आजी, यांच्यावरून इथे भांडणं चालतात. ज्यांची कुरणं आहेत ते म्हणतात, हे आमच्या कुंपणात शिरतात. दुसरे म्हणतात, कुंपणच यांच्या वाटेत आलं. सरकारी जमिनीवर कुणाची गुरं चरायची, यावरही वाद आहे. तुमच्याकडे असं काही होतं का?"

होतं. उत्तर दोन ओळींत लिहायचं म्हणून बसले, त्याला आज चार दिवस झाले. मला कागदावर समास सोडून, मुद्दे मांडून लिहायची सवय आहे, तुमची आई त्यावरून हसायची. या वेळी मुद्दे मांडले आणि फाडले.

आत्ताच लिहायला दुसरंही कारण आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या पत्त्यावर काही कागद येतील. गावाकडचं ओढ्याकाठचं कुरण विकायचं आमच्या घरात ठरलं आहे. त्यातला माझा हिस्सा मी मागेच तुमच्या नावाने केला, म्हणून सह्या तुमच्या लागणार. खरेदीखताचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्याच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे. ते मी यापूर्वी एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. ते वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते, काय आणायला आले ते विसरते, परत येते.

तर क्रमाने सांगते.

मी चौदा वर्षांची होते. आमचं गाव भोकरदनच्या अलीकडे, टेकड्यांच्या पायथ्याशी. तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. राज्य निजामाचं आणि कचेरीचं सगळं लिहिणं उर्दूत. मी औरंगाबादला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत घरी यायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, गाव त्यांना मालक म्हणायचं.

आमच्या शेताच्या कडेला आमचं कुरण होतं, गवत राखून ठेवलेलं, भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. कुरणाला लागून गायरान. गायरान म्हणजे गावाची सामाईक चराऊ जमीन. कुणाच्या मालकीची नाही आणि सगळ्यांची. तिथं पळस, बाभळी, बोरी, मधेमधे उघडे माळ आणि मधून जाणारा ओढा. ओढ्याचा अलीकडचा काठ आमच्या कुरणाला भिडलेला. गायरान आणि कुरण यांच्या मधून गुरांची एक वाट ओढ्याच्या डोहावर जायची. उन्हाळ्यात गावातले बाकी पाणवठे आटले तरी त्या डोहाला पाणी असे.

गायरानात रोही राहायचे. तुम्ही रोही पाहिलेला नाही. घोड्याएवढा उंच, पुढून चढता आणि मागून उतरता. नर निळसर राखाडी, मादी मातकट. गळ्याखाली केसांचा झुपका. जात हरणाची, पण उर्दूत आणि हिंदीत त्याला नीलगाय म्हणतात. त्या नावामुळे आमच्याकडचा कुणी त्याच्यावर हात उचलत नसे. हिवाळ्यात हरभऱ्याला घाटे धरले की उजाडायच्या सुमारास रोह्यांचा कळप आमच्या शेतात उतरायचा. खायचे त्यापेक्षा तुडवायचे जास्त. माळ्यावर बसलेला राखणदार गोफण फिरवायचा, पण दगड नेहमी त्यांच्या पुढ्यात टाकायचा. दादा ओरडायचे, "आंगावर मार की रे." तो म्हणायचा, "मालक, गाय हाय ती. तुमी मारा, मी गोफण देतो." दादांनी गोफण कधी घेतली नाही.

तेव्हा दादांचा राग खोटा नव्हता. सकाळी शेतात गेलं की अर्धा हरभरा झोपलेला असायचा आणि कुणाला जाब विचारावा तर रोह्याला मालक नाही. नुसता राग असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांच्या मनात आणखी एक होतं. गायरान आपल्याला सरकारकडून पट्ट्याने मिळालं, तिथली झाडी साफ केली, कुंपण पुढे सरकवलं, तर रोहीही जातील आणि गवतही आपलं होईल. दोन्ही एका अर्जात बसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला ओट्यावर बसवलं. पुढ्यात फुलस्केप कागद, दौत, टाक. तहसीलला नवे साहेब आले होते, इंग्रजी शिकलेले. दादांचा हिशेब असा की उर्दू अर्ज ढिगात जातो, इंग्रजी अर्ज साहेब स्वतः उघडतो.

दादा येरझारा घालत सांगत होते. "लिही. या गायरानात चाळीस रोही राहतात, दरवर्षी आमचा हरभरा खातात."

"चाळीस कुठं आहेत, दादा? पंधरा-सोळा असतील."

"साहेब काय मोजायला येऊन राह्यला? चाळीस लिही."

"रोह्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"शाळेत तू जाऊन राह्यली का मी?"

मी शाळेच्या शब्दकोशात पाहिलं होतं. तो इंग्रजीवरून मराठीत जाणारा होता, उलटा चालत नव्हता. आतून आई म्हणाली, "नुसतं रोही लिही ना. ज्याला माहीत न्हाई तो विचारंल."

"विचारायची पाळी आली की अर्ज दोन महिने पडून राहतो," दादा म्हणाले. "लोक त्याला गायच म्हणतात ना? मंग गाय लिही. जंगली गाय."

मी लिहिलं, वाइल्ड काउज. चाळीस वाइल्ड काउज. मला ते फार शोभिवंत वाटलं. पुढे मॅट्रिकच्या वर्षी मला कळलं की इंग्रजीत त्याला ब्लू बुल म्हणतात, निळा बैल. एका भाषेत गाय, एका भाषेत बैल, आणि आमच्या भाषेत दोन्ही नाही, नुसता रोही. आईचं ऐकलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

अर्जाचं शेवटचं वाक्य दादांनी दोनदा सांगितलं. या जमिनीत कुणी जात नाही, कुणाची गुरं चरत नाहीत, कुणाची वाट नाही.

मी टाक उचलून धरला. "लोणीवाल्या मावशीच्या गायी जातात की."

"जातात म्हणजे त्यांचा हक्क झाला का? पाखरं बी जातात."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून दादांनी कागद वाळेपर्यंत हातात धरून ठेवला होता.

लोणीवाली मावशी म्हणजे गावाबाहेर राहणारी धनगराची म्हातारी. दर आठवड्याला पळसाच्या पानात लोण्याचा गोळा घेऊन ती आमच्या मागच्या दाराशी यायची. तिची मुलं आणि सुना दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन लांब जायची, ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परतायची. तेवढे महिने म्हातारी आणि तिच्या नऊ गायी एवढंच मागे राहायचं. त्या गायी रोज गायरानात चरायच्या आणि त्या वाटेने डोहावर पाणी प्यायच्या. गावात ज्यांच्याकडे शेत होतं त्यांच्याकडे कडबा होता. म्हातारीकडे गायरान होतं.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा बैलगाडीतून उतरतानाच गाडीवानाने सांगितलं, "तुमच्या अर्जाचं काम झालं बघा. चार दिस झाले, गायी धरून नेल्या."

"कुठल्या गायी?"

"म्हातारीच्या. दुसऱ्या कुनाच्या हायेत गायरानात?"

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. माझा इंग्रजी अर्ज साहेबांनी वाचला आणि कार्यवाहीसाठी खाली पाठवला. खाली इंग्रजी कुणाला येत नव्हतं म्हणून एका मुन्शीने त्याचं उर्दू केलं. जंगली गायी म्हणजे काय असावं, असा विचार करून त्याने आवारा गायी असं लिहिलं. बेवारस, मोकाट सुटलेल्या गायी. मोकाट गायींबद्दलचा नियम तयारच होता. त्या धरायच्या, कोंडवाड्यात घालायच्या, आणि पंधरा दिवसांत मालक पुढे आला नाही तर लिलाव करायचा. शिपाई आले, गायरानात गेले आणि तिथे ज्या गायी दिसल्या त्या हाकून घेऊन गेले. रोही त्यांना पाहून केव्हाच पळाले होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी मागच्या दाराशी आली. हातात पळसाचं पान नव्हतं. आई तिला म्हणाली, "अगं, जा आणि सांग की माझ्या हायेत. सोडून आण."

"कशी सांगू, माय?" म्हातारी उंबऱ्याजवळ टेकली. "माझ्या म्हनलं तर चाळीस गायींनी मालकाचा हरभरा खाल्ला, तो म्याच चारला, असं हुतंय. पटवारी म्हनला, मंग तुझं गायरानात जानं बंद. आन माझ्या न्हाईत म्हनलं तर लिलाव. दोन्हीकडून माझीच मान."

"आणि चाळीस कुठून आल्या?" आईने विचारलं.

"त्येच मी बी इचारून राह्यले. कागदावर चाळीस हायेत म्हनं. धरल्या नऊ. पटवारी मलाच इचारतो, बाकीच्या एकतीस कुठं लपवल्या?" ती हसली, आणि मग पदराने तोंड पुसत बसली. "एकतीस गायी असत्या तर मी लोणी इकत फिरले असते व्हय?"

मी दाराच्या आत उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आली का गं शाळेवाली? वाळली बघ किती." अर्ज कुणी लिहिला हे तिला माहीत नव्हतं.

जेवताना मी दादांना सांगितलं की शब्द माझ्याकडून चुकला आहे, कचेरीला कळवायला हवं. दादा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "चुकलं असंल. पण चुकीनं काम बराबर होऊन राह्यलं. गायरान रिकामं झालं का न्हाई?"

"पण गायी तिच्या आहेत."

"मंग तिनं सांगावं तसं. मी कुठं नको म्हणतो?"

ती का सांगू शकत नाही हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. आईने मधेच भाजीचं विचारलं. मी हात धुवायला उठले आणि परत पाटावर गेले नाही.

पुढचे दिवस मी घरात थांबत नव्हते. पुस्तक उघडायचे, मिटायचे. एकदा काही कारण काढून कोंडवाड्यापर्यंत गेले. तो आमच्या गावापासून कोसभर, बाजारच्या गावाला होता. दगडी भिंतीचं उघडं आवार, एक लाकडी फाटक. आत म्हातारीच्या गायी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पुढ्यात वाळका कडबा, तोही मोजका. त्यांची कातडी आखडल्यासारखी दिसत होती. फाटकाबाहेर एक तांबडं वासरू बांधलेलं होतं. धरताना ते मागे राहिलं होतं, नंतर आपणच चालत आलं, असं कोंडवाड्याचा राखणदार म्हणाला. "आत सोडता येत न्हाई. कागदावर वासरू न्हाई." पण तो रोज एकदा फाटक किलकिलं करून वासराला आईजवळ नेत होता. मला त्याने सांगितलं, "हे कुणाला बोलू नका, बाईसाहेब."

माझ्याजवळ कुणाला न सांगण्यासारखं एवढं एकच नव्हतं.

मग गिरदावर आला. पटवाऱ्यांवरचा अधिकारी, घोड्यावर यायचा, वयस्क, पान खाऊन ओठ तांबडे. हैदराबादकडचा होता, दखनी बोलायचा. कागदावर चाळीस आणि कोंडवाड्यात नऊ, हा फरक वर कुणाला तरी खटकला होता, म्हणून चौकशीला त्याला पाठवलं होतं. चावडीपुढच्या लिंबाखाली सतरंजी टाकली. दादा बाजेवर बसले. पटवारी, पाच-सहा माणसं, सगळी आमच्या शेतावर कामाला येणारी किंवा आमच्याकडून बियाणं नेणारी. बायका लांब, भिंतीला लागून. मी चहाची किटली पोचवायच्या निमित्ताने गेले आणि तिथेच राहिले.

गिरदावराने कागद डोळ्यांजवळ धरला. "क्यूं गे बुढिया, बाकी के इकतीस गायां किधर हैं?"

म्हातारी उठून उभी राहिली. "हायेत साहेब, गायरानात. आणते म्हनलं तर येत न्हाईत. त्येंचं शेण आणलंय."

तिने पदराची गाठ सोडली आणि सतरंजीच्या कडेला ओंजळभर लेंड्या ओतल्या. काळ्या, गोल, वाळलेल्या. माणसं हसायला लागली. गिरदावर मागे सरकला.

"ये क्या है?"

"शेण हाय साहेब. तुमच्या कागदावरच्या गायींचं. सकाळीच येचलंय. त्या रोज एकाच जागी टाकतात, ढीग हाय तिथं. माझ्या आज्याच्या आधीपासनं हाय." तिने बायकांकडे पाहिलं. "ह्याची गवरी थापून दावा गं मला कुनीतरी."

भिंतीकडून एक बाई म्हणाली, "लेंड्याची कुठं गवरी होती, आत्या? मांडे कर." आता बायकाही हसत होत्या.

"तेच म्हनते मी," म्हातारी गिरदावराला म्हणाली. "ज्या गायीच्या शेणाची गवरी हुत न्हाई, ती कसली गाय, साहेब? माझ्या नऊ धरल्यात त्येंचं शेण कोंडवाड्यात पडलंय, जाऊन बघा. आन ह्या ज्येंच्या लेंड्या हायेत त्येंनी हरभरा खाल्ला. त्येंना धरा, कोंडवाड्यात घाला. मी मदत करते."

गिरदावराने काडीने एक लेंडी उलटी केली. शहरातला माणूस असेल, पण शिकारीच्या गोष्टी त्याने ऐकल्या असाव्यात. "अरे, ये तो नीलगाय है," तो म्हणाला. मग दादांकडे वळला. "मालक, दरख्वास्त में गायां कौन लिखे?"

दादा समोरच पाहत राहिले. त्यांची मान माझ्याकडे वळलीही नाही. मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी लिहिलं. मला रोह्याचा इंग्रजी शब्द येत नव्हता."

म्हातारी माझ्याकडे पाहत होती.

"हौ?" गिरदावर हसला. त्याला राग आला नव्हता. "नीलगाय लिखना था ना, बेटी. नीलगाय लिखते तो मुन्शी को समझ में आता था. तुमारी अंग्रेजी में नौ गायां अंदर हो गए." आणि त्याने तिथेच कागदावर लिहायला घेतलं की गायी नव्हेत, जंगली जनावरं आहेत, म्हातारीच्या गायी सोडाव्यात.

इथे थांबता आलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला लहानपणीच सांगितली असती. लेंड्यांची गोष्ट तुम्हाला फार आवडली असती.

पण गिरदावर व्यवस्थित माणूस होता. त्याने उर्दू कागद शेवटपर्यंत वाचला आणि बोट ठेवून विचारलं, "ये भी लिखे हैं, इस जमीन में कोई नहीं जाता, किसी के जानवर नहीं चरते, किसी का रास्ता नहीं. ये बराबर है?"

"मी जाते की," म्हातारी म्हणाली. "माझ्या गायी जात्यात. त्या वाटंनं पान्यावर जात्यात."

"तू तो बोलेगीच. दूसरा कोई बोलो."

त्याने माणसांकडे पाहिलं. कुणी लिंबाकडे पाहत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं. पटवारी कागद सारखे करत होता. मग गिरदावराने माझ्याकडे पाहिलं, कारण एक चूक मी कबूल केली होती आणि दुसरीही करीन असं त्याला वाटलं असावं. "बेटी, तुम लिखे ना? ये बराबर है?"

दादा बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नुसतं पाहिलं. माझी शाळा, मावशीकडचं राहणं, पुढच्या वर्षीची मॅट्रिक, सगळं त्यांच्या हो म्हणण्यावर होतं. पण तेव्हा मी इतका विचार केला असं म्हणणं म्हणजे स्वतःला सोडवणं होईल. मी किटली उचलली आणि म्हणाले, "दादांनी सांगितलं तसं लिहिलं."

ते खोटं नव्हतं. गिरदावराने मान हलवली आणि त्या वाक्यापुढे एक खूण केली. बरोबर असल्याची.

गायी त्याच दिवशी सुटल्या. त्या ओळीने गावात शिरल्या तेव्हा तांबडं वासरू त्यांच्या पुढे पळत होतं. पुढच्या आठवड्यात म्हातारी लोणी घेऊन आली आणि मला म्हणाली, "शाळंत लेंड्या शिकवत न्हाईत व्हय गं?" आई हसली, मीही हसले. तिला राग नव्हता, किंवा तेव्हा दिसला नाही.

दुसरा अर्ज दादांनी कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनविसाकडून उर्दूत करून घेतला. मला विचारलं नाही. पुन्हा कधीच कशासाठी विचारलं नाही. त्या अर्जाला गिरदावराचा पंचनामा जोडला होता, खूण केलेल्या वाक्यासकट. वर्षभरात ओढ्याच्या अलीकडचं सगळं गायरान, वाटेसकट, आमच्या नावे पट्ट्याने आलं. बोराटीचं कुंपण ओढ्याच्या काठापर्यंत सरकलं. डोह त्यात गेला.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात म्हातारी मला कुंपणाच्या बाहेर भेटली. ती गायी घेऊन लांबच्या वळशाने टेकडीपलीकडे पाण्याला निघाली होती. आता सहाच होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, बऱ्या आहेत का गायी?"

ती थांबली. "तवा गिरदावरानं तुला इचारलं," ती म्हणाली. "मी तुझ्या तोंडाकडं बघून राह्यल्ते." आणि गायींना हाक देऊन पुढे गेली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोणी त्याआधीच बंद झालं होतं.

मग ते वाईट वर्ष आलं, पोलीस ॲक्शनच्या आधीचं. रझाकारांच्या भीतीने गाव उठलं. आम्हीही हद्द ओलांडून वऱ्हाडात नातलगांकडे जाऊन राहिलो. शेतं पडीक, कुंपणाला हात लावायला कुणी नाही. आम्ही परत आलो तेव्हा बोराटी कुजून खाली बसली होती आणि मागे राहिलेल्या गुरांच्या खुरांनी जुनी वाट पुन्हा रुजली होती, तिथल्या तिथे. दादांनी नवी बोराटी घातली. पण रोह्यांनी ते कुंपण कधी मानलं नाही. दरवर्षी एकाच ठिकाणी पाडायचे, जिथं त्यांचा लेंड्यांचा ढीग आतल्या बाजूला पडला होता तिथं. दादा दरवर्षी बुजवायचे. दादा गेल्यावर भावाने बुजवायचं सोडून दिलं. त्या खिंडारातून म्हातारीच्या घरची गुरं जायला लागली. कुणी हाकललं नाही, आणि कुणी जा म्हणूनही सांगितलं नाही.

आता चौथ्या पानावरचं वाक्य. सदर जमिनीवर अन्य कोणाचीही वहिवाट, हक्क अथवा रस्ता नाही. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, हे सगळ्या खतांत असतं, आजी, ठरलेला मजकूर आहे.

मी मसुदा त्याला परत पाठवला आहे. त्या वाक्यावर काट मारली आहे आणि समासात लिहिलं आहे की उत्तरेच्या कुंपणातून ओढ्याच्या डोहापर्यंत गुरांची जुनी वाट आहे, ती ज्या घरची गुरं वापरतात त्या घरची आहे, आणि हे मला स्वतःला माहीत आहे. खाली सही आणि पूर्ण नाव. भाच्याचा फोन आला होता. तो म्हणाला, "आत्या, अशाने घेणारा मागे सरेल." सरेल. तुमच्याकडे येणाऱ्या कागदात ते वाक्य पुन्हा घातलेलं असलं, तर तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. तुम्हाला कुणी विचारलं तेव्हा माहीत नव्हतं असं होऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं.

मागच्या महिन्यात भाचीला मुद्दाम पाठवून पाहायला सांगितलं. म्हातारी जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. तिच्या पणतवंडांकडे चार गायी आणि एक म्हैस आहे. कुंपणात खिंडार आहे. आतल्या बाजूला लेंड्यांचा ढीग आहे, वरच्या लेंड्या ओल्या होत्या. वाट आहे, डोहापर्यंत जाते, आणि डोहात पाणी आहे.